छत्तीसचा सायरन चौतीसला

“मॅडम, तो सायरन बंद करून टाका. उगाच बोंबलतो!” नवापूरच्या पोल्ट्रीचे शेठ फोनवर कावले होते.

शेडमधली गरमी ठरलेल्या आकड्याला पोचली की सायरन वाजवायचा, हे काम माझ्या जावा प्रोग्रामचं. आकडा छत्तीस. तीन नंबरच्या शेडचा मात्र चौतीसलाच वाजत होता.

आदल्याच आठवड्यात मी सगळं सेटिंग हलवलं होतं. आधी ते प्रोग्रामबाहेर, एका एक्सएमएल फाइलीत असायचं. म्हणजे डबे इकडे आणि कुठल्या डब्यात काय, याची यादी तिकडे. ते मी अ‍ॅनोटेशनमध्ये आणलं. अ‍ॅनोटेशन म्हणजे डब्यावरच चिकटवलेलं लेबल. कोडमध्येच @ लावून लिहायचं, की झालं. मी तर त्यावर खूश होते. जुनी फाइल न वाचताच उडवली.

मग हे चौतीस आलं कुठून? कोड तीनदा वाचला. सगळीकडे छत्तीस! चैन पडेना. गाडी काढली आणि थेट पोल्ट्री गाठली.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघते तर काय, ती फाइल परत जागेवर! फाइल दिसली तर वाचायची, ही ओळ कोडमधून काढायला मीच विसरले होते. आणि दोन्हीकडे आकडा असला, तर आमच्या प्रोग्राममध्ये फाइलीचं चालतं.

“ही कोणी ठेवली?”

“मीच,” सुपरवायझर आप्पा म्हणाले. मूळचे नंदुरबारचे, आयुष्य कोंबड्यांत गेलेलं. “तुम्ही मन्ही फाइल उडाई टाकी. पेनड्राइव्हमा व्हती, परत टाकी दिधी.”

मन्ही, म्हणजे त्यांची फाइल? नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक शेडखाली आप्पांनी शाळेतल्या मराठीत टिपण लिहिलं होतं. ‘शेड ३. पश्चिमेचं ऊन. पाणी उशिरा चढतं. ३४ ठेवणे.’

“अहो, मग मला सांगायचं ना!”

“तुम्ही इचारंच नही, ताई.”

दुपारी चारला शेड तीनमध्ये सायरन वाजला. आप्पांनी पाण्याचे फवारे सुरू केले, पण पाणी यायला वेळ लागला. तोवर आकडा छत्तीस, मग सदतीस. कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या. मग हळूहळू आकडा उतरला. माझ्या छत्तीसवर राहिलो असतो, तर उभी बॅच गेली असती.

शेठना कळवलं, सायरन बंद होणार नाही. आता कोडची जोडणी अ‍ॅनोटेशनमध्ये आहे आणि आकडे आप्पांच्या फाइलीत.

फाइल उडवण्याआधी ती शेवटची कधी बदलली, ते बघावं; कोणी अजून वापरतंय का, ते कळतं. तारीख फाइलीच्या शेजारीच असते. मी बघितली नव्हती.