बंद खाणीतले बोल्ट

ड्रिलखाली उडणाऱ्या दगडाच्या भुकटीचा वास आला की मला भांडगावजवळची ती बंद खाण आठवते. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट करणारी एक ताई आणि तिचा जोडीदार सुट्टीच्या दिवशी खाणीच्या उभ्या भिंतीत बोल्ट बसवत होते, दोर अडकवून चढायला. पण भोकं बघून गावाला वाटलं, सुरुंग भरतायत. ती खाण बंद पाडायला मी घरोघर पत्रकं वाटली होती, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या आप्पांबरोबर त्यांना जाब विचारायला तावातावाने मीच पुढे होते. "पोरी, खाण परत चालू करतीस व्हय? काढ ते खिळे," आप्पा म्हणाले. "आप्पा, दगड फोडायचा न्हाई, त्यावर चढायचं हाय." "आन् खिळा निसटला म्हंजी?" "बघा की," म्हणत तिने दोर कमरेच्या पट्ट्याला बांधला. जोडीदाराने खाली दुसरं टोक धरलं. ती बोल्टांत दोर अडकवत सरसर निम्म्यावर गेली, शेवटच्या बोल्टच्या जरा वर पोचली आणि तिने मुद्दाम दोन्ही हात सोडले. दोर ताणला, बोल्ट तसूभरही हलला नाही आणि ती हवेत लोंबकळत हसत होती. आप्पांनी टोपी सावरत वर बघितलं. "निम्मंच झालं की," ते म्हणाले, "राहिलेलं कोण चढणार?" आज ती भिंत मीही चढते, आणि निम्म्यावर हात भरून आले की खाली उतरायची मला लाज वाटते.