पदकाच्या कडेवरचं नाव

साताऱ्याहून परतलो त्या दिवशी सामान जिन्यातच ठेवून मी नेहमीसारखी खालच्या दाराशी हाक मारली, "राव, आलो हो आम्ही..." दाराला कुलूप होतं. मागून घरमालकीण म्हणाल्या, "कुसुमम्मा, सार गेले. बारा दिवस झाले." दुपारी जेवून सेतुमाधवराव आरामखुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. आता दीड महिना होत आला. तरी जिना उतरताना त्या दारापाशी माझं पाऊल हळू पडतं. आत झोपले असतील, चपला वाजायला नकोत, असं वाटून जातं...

लग्न होऊन मी वेस्ट मांबलमला आले तेव्हा लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. यजमान रेल्वेच्या कचेरीत, मला तमिळचा एक शब्द येत नव्हता, आणि खालच्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त हेडक्लार्क मराठी बोलतात हे कळल्यावर माझं आनंदाने रडायचंच बाकी राहिलं होतं. ते तंजावरकडचे. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, माझ्या पणजोबांच्या दप्तरातलं एखादं जुनं पत्रच बोलायला लागलंय. "बसा हो. कापी घ्या. मग मी तुम्हांस एक खून दाखवतों," ते म्हणाले आणि त्यांनी एक लाकडी पेटी पुढे ओढली.

पेटीत उथळ खण होते आणि खणांत नाणी, पदकं, टपालतिकिटं. विलायती गुप्तहेरकथांचं त्यांना वेड होतं. पण त्यांचा छंद नुसता वाचनाचा नव्हता. गोष्टीत जी वस्तू येई तशीच खरी वस्तू ते मिळवत. गाडीवानाला दिलेलं चांदीचं नाणं, निनावी पत्रावरचं लाल तिकीट, खोटं बोलणाऱ्या कर्नलच्या छातीवरचं पदक. रविवारी सकाळी मूर मार्केटात जुन्या सामानाच्या दुकानांतून ते तासन् तास उकिडवे बसत. प्रत्येक वस्तूखाली बारीक मोडी अक्षरात एक चिठ्ठी असे: ही कोणाच्या हातून पडली, कोणाला सापडली, शेवटी काय निघालं. मी एकदा विचारलं, "राव, एवढे खून वाचून भीती नाही वाटत?" ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्यांत शेवटीं सगळें कळतें हो. बाहेर कोठें कळतें?"

त्यांना एक धाकटा भाऊ होता, नारायण. लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला आणि परतला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तो गेला असं सांगूनही आई त्याची वाट बघत गेली, हेही एकदा बोलता बोलता म्हणाले. त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी ते वर आले. ते कधी वर येत नसत. मुठीत एक पदक होतं, गेल्या लढाईतलं, काळवंडलेलं. आपल्याकडच्या शिपायांच्या पदकांवर कडेला नाव कोरत. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मजला दिसत नाहीं. तुम्ही वाचा." नंबर होता, पलटणीचं नाव होतं आणि पुढे इंग्रजीत नारायणचं नाव, वडिलांच्या नावासकट. मी वर पाहिलं. त्यांना दिसत होतं. त्यांना फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी म्हणाले, "राव, ही पदकं तर लढाई संपल्यावर वाटली ना? मग हे घेतलं कुणी?" त्यांनी पदक पुन्हा मुठीत घेतलं. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की, एग्मोरला स्टेशनामागच्या गल्लीतल्या एका नर्सबाईंनी जुनी ट्रंक भंगारात दिली, तिच्या अस्तरात ते सापडलं. "तुम्ही बरोबर याल?" त्यांनी विचारलं. "बाईमाणूस असलें तर दार उघडतात."

दार ग्रेसअम्मांनी उघडलं. चाळिशीच्या, पांढरी साडी, नर्सचं घड्याळ उलटं टाचलेलं. भिंतीवर नारायणचा फोटो होता, त्याला हार घातलेला. लढाईत जखमी होऊन तो इस्पितळात पडला, तिथे ह्यांची ओळख झाली, लग्न झालं. दहा वर्षं दोघं ह्याच गावात राहिले आणि दोन वर्षांपूर्वी तो तापाने गेला... दहा वर्षं, मांबलमपासून गाडीने किती, चार-पाच स्टेशनं! पदक समोर ठेवून राव म्हणाले, "मी त्याचा थोरला भाऊ." त्या उठल्या. मग आत जाऊन कापी घेऊन आल्या आणि कापीबरोबर एक घडी पडून फाटत आलेलं पत्र. आमची भाषा त्यांना कानाने येत होती, नवऱ्याच्या तोंडून ऐकून. पण पत्र मोडीत होतं. "हे त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यात काय आहे?"

रावांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "चिरंजीव नारायणास अनेक आशीर्वाद. सूनबाईस घेऊन लवकर येणें. आई वाट पाहते आहे." आवाज जराही हलला नाही. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. माझे वडील साताऱ्याला जुनी दप्तरं वाचायचे, थोडी मोडी मलाही येते. अक्षर त्या पेटीतल्या चिठ्ठ्यांचंच होतं, आणि पत्रात होतं ते असं: "त्या लग्नानंतर तूं आम्हांस मेलास. आईस मी तसेंच सांगितलें आहे. या दारीं पुन्हा येऊं नये."

ग्रेसअम्मा शांतपणे म्हणाल्या, "मग ते गेले का नाहीत? एवढं बोलावलं होतं, तरी... म्हणजे त्यांनाच माझी लाज वाटत होती."

खोटं बोलून आपण काय केलं ते रावांच्या लक्षात आलं. मी त्यांचा चेहरा तेव्हा पाहिला आणि तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "नाहीं हो, नाहीं," ते म्हणाले. "मी खोटें वाचलें." मग त्यांनी खरं पत्र वाचलं, शब्दन् शब्द, शेवटच्या सहीपर्यंत. सही त्यांचीच होती. ग्रेसअम्मांनी पत्र त्यांच्या हातून काढून घेतलं, घडी घातली. मग म्हणाल्या, "कापी निवते आहे." राव ती प्याले.

परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मांबलम आलं तसं म्हणाले, "कुसुमबाई, गुन्हेगार कोण तें मजला पहिल्या पानापासून ठाऊक होतें."

पदक त्यांनी तिथेच ठेवलं होतं. पेटी पुढे मला कधी उघडी दिसली नाही. मूर मार्केटला जाणंही थांबलं. रविवारी सकाळी मात्र ते छत्री घेऊन निघत, "एग्मोरला जाऊन येतों," म्हणत. आठ वर्षं. जाऊन काय करतात, ग्रेसअम्मांनी त्यांना क्षमा केली का, मी विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

गेल्या रविवारी मी एकटी एग्मोरला गेले. ग्रेसअम्मांना कळलं होतं. केस आता पांढरे झालेत. त्यांनी टेबलावरची एक वही माझ्यापुढे सरकवली. पानापानावर वर रावांचं मोडी अक्षर आणि खाली तेच त्यांनी गिरवलेलं, आधी वेडंवाकडं, पुढे पुढे सरळ. "पहिल्या वर्षी मी त्यांच्याशी बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "दारात उभे राहून परत जायचे. मग एकदा वही घेऊन आले. म्हणाले, तुला पुन्हा कोणी वाचून दाखवायला नको. तुझं तू वाच." धडे सगळे नारायणचे होते. नारायण पोहायला शिकला तो दिवस, नारायणने चोरून खाल्लेला गूळ, नारायणचं पहिलं धोतर... नवऱ्याचं सगळं लहानपण त्यांना असं रविवारी दोन-दोन ओळींनी मिळालं होतं.

शेवटचं पान त्यांनीच उघडलं. बोट ठेवून वाचू लागल्या, अडखळत, "नारायण फार भित्रा होता. काळोखांत मी पुढें चालायचों. तो मागून माझा सदरा धरायचा..." तोच जुना हेल, क्रियापदाआधी तोच जरासा थांबा. मी मान वर केली नाही. वर पाहिलं तर समोर राव बसलेले दिसतील असं वाटलं.

बोट थांबलं. "पुढे काय झालं?" मी विचारलं.

"इथवरच लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागल्या.