फळीवरच्या स्टेशनातला सांधा

मुंजाजीचं इंजिन पुन्हा एकदा बाजूच्या रुळावर, साइडिंगमध्ये घुसलं, तिथं उभ्या असलेल्या दोन डब्यांवर आदळलं आणि कुशीवर पडून नुसती चाकं फिरवीत राहिलं. मुंजाजीनं सेल काढून घेतला आणि गुडघ्यांवर हात टेकून बसला. हे या महिन्यात कितव्यांदा झालं, ते मोजायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

खरं तर रेल्वेतून सुटलेल्या माणसानं रेल्वेचं नाव काढू नये. पेन्शन घ्यावी, पारावर बसावं, कुणाच्या तरी सुनेची निंदा ऐकावी. पण याला घरातही रेल्वेच हवी होती. परभणीत रुळांपलीकडं त्याच्या पत्र्याच्या दोन खोल्या. त्यातली पुढची खोली या खेळानं गिळली होती. कुणी भेटायला आलं की त्याला मागच्या खोलीत चुलीजवळ बसावं लागे, आणि धुरानं डोळे चोळत तो माणूस विचारी, काय म्हणतंय तुमचं स्टेशन? विचारण्यात कौतुक थोडं आणि टिंगल जास्त असे.

चार थर विटांवर एका जुन्या दाराची फळी मांडलेली होती आणि फळीवर होतं लोणझरी. गंगाखेडच्या लाइनवरचं एवढंसं स्टेशन, दिवसाला चार गाड्या. तिथं मुंजाजीनं सांधेवाला म्हणून बावीस वर्षं काढली. गाडी कुठल्या रुळावर जायची ते सांध्यावर ठरतं, आणि सांधा फिरवणारा तो सांधेवाला. लहान लाइन उखडून मोठी टाकणार अशी बातमी पेपरात आली. दुसऱ्या दिवसापासून तो मोडक्या छत्र्या गोळा करायला लागला.

छत्रीच्या काड्यांचे रूळ झाले. आगपेटीच्या काड्या जळक्या तेलात काळ्या करून त्यांचे स्लीपर झाले. लहान वायसर मोठ्या वायसरला डाग देऊन चाकं झाली, आणि भंगारातल्या टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनाच्या पोटात बसली. पऱ्हाटीचे शेंडे रोवले, त्या बाभळी. रुळांखालची खडी त्याच्या बायकोनं, भागुबाईनं पुरवली. गहू निवडताना निघालेले खडे ती एका डबीत साठवून ठेवायची. ‘‘भाकरीत तुमाला चालत न्हाईत, तितं तरी चालू द्या,’’ म्हणायची. रूळ फळीभोवती वळसा घालून पुन्हा स्टेशनात येत. खऱ्या लोणझरीत असं काही नव्हतं, पण गाडी जमिनीवर पडू नये म्हणून एवढी लबाडी त्यानं चालवून घेतली होती. बाकी सगळं जिथल्या तिथं. मास्तरच्या खोलीपुढची घंटासुद्धा.

आणि स्टेशनच्या टोकाला साइडिंगचा सांधा. त्याला सायकलच्या आऱ्याची दांडी. ती उभी असली की गाडी सरळ जाते, आडवी ओढली की साइडिंगमध्ये. दुखणं सगळं इथंच होतं. मुंजाजी स्वतः दांडी उभी करी, गाडी चार फेऱ्या नीट फिरे, तो समाधानानं जेवायला जाई. जेवून येऊन सेल जोडला की गाडी थेट साइडिंगमध्ये. दांडी आपली आडवी पडलेली.

आधी त्यानं स्प्रिंगला दोष दिला. बॉलपेनातली स्प्रिंग होती ती, तीन पेनं मोडून तीनदा बदलली. मग म्हणाला, उंदीर. उंदराला पिंजरा लावला, त्यात तीन दिवस भाकरीचा तुकडा तेवढा वाळत राहिला. मग एके सकाळी त्यानं भागुबाईवरच आळ घेतला. तू झाडताना पदर लागतो, दांडी पडते, आणि माझ्या माथी येतं.

भागुबाई पस्तीस वर्षं संसार केलेली बाई. तिनं केरसुणी खाली ठेवली आणि म्हणाली, मी त्या खोलीत चार दिवस पाय ठेवलेला न्हाई, तुमीच म्हणलावता झाडू नको म्हणून. तुमच्याच हातानं पडली आसंल.

‘‘माझा हात आसा चुकत न्हाई,’’ मुंजाजी म्हणाला.

बोलला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. हेच वाक्य, याच शब्दांत, त्यानं पंधरा वर्षांपूर्वी साहेबापुढं म्हटलं होतं.

ते साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि आपल्या भागात जे व्हायला नको होतं ते झालं. खेड्याखेड्यात गरिबांची घरं जळाली, रस्ते अडले, गाड्यांचा भरवसा राहिला नाही. ऑगस्टातला तसाच एक दिवस. दुपारी दोनला मुंजाजीची ड्युटी संपली आणि येडबाची लागली. येडबा बोरीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, नोकरीत मुंजाजीपेक्षा आठ वर्षांनी मागचा. त्याच्या घरातला पहिला पगारदार. साडेतीनच्या सुमाराला एरवी एक मालगाडी येई आणि साइडिंगमधले डबे घेऊन जाई. त्या दिवशी ती येणार नव्हती. मास्तरनं सकाळीच सांगितलं होतं आणि ते मुंजाजीनं कानांनी ऐकलं होतं. साइडिंगमध्ये खताचे दोन डबे उभे, उमाजी नावाचा हमाल पोती उतरवत होता. चारच्या आसपास परभणीकडून एकटं इंजिन आलं, ज्याची कुणाला वाट नव्हती. ते सरळ जायचं सोडून साइडिंगमध्ये शिरलं. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. तरी डब्याच्या दारातून उमाजी खाली फेकला गेला आणि त्याचा पाय गुडघ्यात मोडला तो मोडलाच.

चौकशीत एकच प्रश्न होता. सांधा आडवा कुणी केला? त्या सांध्याचं कुलूप गंजून कधीच पडलेलं होतं, त्यामुळं कागदावर काही सापडेना. येडबा म्हणाला, मी हात लावला नाही. मुंजाजी म्हणाला, मी सरळ सोडून गेलो. मालगाडी येणार नाही हे मला ठाऊक होतं, मग मी सांधा कशाला फिरवीन? माझा हात असा चुकत नाही. साहेबाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. शिवाय ड्युटी येडबाची होती. येडबाची नोकरी गेली, तो बोरीला जाऊन पुन्हा मेंढरांमागं लागला. मुंजाजी खोटं बोलला नव्हता, आणि म्हणूनच त्याला इतकी वर्षं झोप लागत होती. येडबानं चार्ज घेताना सांधा बघायला नको का, असं तो अधूनमधून स्वतःलाच सांगे. फक्त जरा जास्त वेळा सांगे, एवढंच.

भागुबाईनं मात्र आळ मनावर घेतला होता. त्या दिवशी दुपारी तिनं भाकरी थापल्या, ताट केलं आणि नेहमीसारखी मागून हाक न मारता पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चला, जेवा, म्हणाली. मुंजाजीनं इंजिन स्टेशनात थांबवलं, सेल काढला, उजवा हात टेकून उठला. उठता उठता त्याचा डावा हात फळीवरून गेला आणि त्यानं दांडी आडवी ओढली. धोतराला हात पुसून तो दाराकडं वळला.

‘‘आता हे काय केलंव?’’ भागुबाई म्हणाली.

‘‘काय केलं?’’

‘‘दांडी वडली तुमी.’’

‘‘म्या? कवा?’’

तिनं नुसतं बोट दाखवलं. मुंजाजी वळला. दांडी आडवी होती. त्यानं ती उभी केली, परत बसला, आणि म्हणाला, पुन्हा हाक मार. भागुबाईला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला, पण तिनं पुन्हा हाक मारली. तो उठला. या वेळी त्याची नजर हातावर होती. हात दांडीपर्यंत गेला आणि तिथं लाजल्यासारखा थांबला.

तो मग खालीच बसला. लोणझरीत ती एक रीत होती. साइडिंगचा सांधा स्टेशनपासून लांब, उन्हातान्हात चालत जावं लागे. म्हणून दोनला सुटणारा माणूस जाता जाता पुढच्याची सोय करून जाई, मालगाडीसाठी सांधा आडवा ओढून ठेवी. नियमात बसत नव्हतं. पण येडबा मुंजाजीसाठी करी, मुंजाजी येडबासाठी करी, कुणी कुणाला सांगत नसे आणि कुणी आभार मानत नसे. बावीस वर्षं, जेवायला घरी निघताना, डाव्या हातानं. मालगाडी येणार नाही हे मुंजाजीच्या डोक्याला माहीत होतं. हाताला कुणी सांगितलं होतं?

भाकरी निवून गेली. भागुबाईनं दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तिला वाईट वाटलं, पण ती ते लपवणारी नव्हती की गोड करून सांगणारी नव्हती. ‘‘मंग त्या येडबाला सांगावं लागंल,’’ एवढंच म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

सांगावं लागेल म्हणणं सोपं. मुंजाजीनं त्यात आठ दिवस घालवले. त्या आठ दिवसांत फळीवर गाडी फिरली नाही. संक्रांत आली, विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं, गल्लीत कुणी पेढे वाटले, कुणी दारं लावून बसले. ज्या गोष्टीच्या धामधुमीत आपला सांधा फिरला ती मिटायला पंधरा वर्षं गेली, आणि आपली अजून सुरूही झाली नाही, असं त्याच्या मनात आलं. नवव्या दिवशी कुठं तो जिंतूरच्या एसटीत बसला आणि बोरीला उतरला.

येडबा गावाबाहेर वाघरात होता, मेंढरांच्या जाळीशेजारी घोंगडीवर बसलेला. केस पार पांढरे. मुंजाजीला ओळखायला त्याला वेळ लागला नाही, पण उठायला लागला. पाणी दिलं, तंबाखू पुढं केली. मुंजाजीनं तंबाखू हातात धरून ठेवली आणि सांगून टाकलं. छत्रीच्या काड्या, आऱ्याची दांडी, भागुबाईचं बोट, काही गाळलं नाही. येडबा मेंढरांकडं बघत ऐकत होता. एकदा मधेच त्यानं कुत्र्याला हाकललं.

शेवटी मुंजाजी म्हणाला, मी रेल्वेला लिहून देतो. माझी पेन्शन गेली तर जाऊ दे.

‘‘लिवून काय व्हनार, मुंजाजीभाऊ? नोकरीची उमर गेली माजी.’’ येडबा घोंगडीची कड चाचपत म्हणाला, ‘‘पयलं सालभर मी म्हणलो, म्या हात लावला न्हाई. साहेब म्हणला लावला. बायकू म्हणली लावला आसंल, याद न्हाई तुमाला. माजा बाप मरताना म्हणला, लेका, कबूल कर. मंग मलाबी वाटाया लागलं, मीच फिरवला. रोज सपनात फिरवायचो.’’

येडबा शिव्या देईल, अंगावर येईल, याची तयारी करून मुंजाजी आला होता. याची केली नव्हती.

‘‘उमाजीच्या घरी दर साली ज्वारीचं पोतं टाकतो मी,’’ येडबा म्हणाला. ‘‘माज्या हातानं पाय गेला म्हणून. दुष्काळातबी टाकलं. पोरीचं लगीन निघालं, त्या साली घरात दाना नव्हता, तरीबी टाकलं.’’

तो उठला आणि वाघराच्या कडेला गेला. तिथं ताडपत्रीखाली एक पोतं शिवून तयार ठेवलेलं होतं. त्यानं ते ओढत आणलं आणि मुंजाजीच्या पायाशी सोडलं.

‘‘औंदाचं हाय. भरून ठिवलंवतं. हे तुमी न्या.’’

मुंजाजीनं पोत्याच्या शिवणीला हात लावला.

‘‘आन फुडच्या सालापासनं तुमचं तुमी भरा. मी थकलो आता,’’ येडबा म्हणाला आणि घोंगडीवर जाऊन आडवा झाला.

पोतं एसटीच्या टपावर चढवायला बोरीच्या दोघा पोरांनी हात दिला. परभणीला मुंजाजीनं त्यातली निम्मी ज्वारी दुसऱ्या पोत्यात काढली, कारण अख्खं पोतं आता त्याच्यानं उचलत नव्हतं. भागुबाई म्हणाली, दोन खेपा करा, कोण बघायलंय. तो म्हणाला, दोन खेपा करीन. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो लोणझरीला उतरला. मास्तरच्या खोलीचा रंग उडाला होता. लाइनीशेजारी मोठ्या रुळांची खडी पडली होती. साइडिंगचे रूळ गवतात गेले होते, पण सांधा होता आणि दांडा होता. त्याच्याजवळून जाताना मुंजाजीनं पोतं उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं आणि डाव्या हातानं ते गच्च धरलं.

उमाजीचं घर स्टेशनामागंच होतं. तो काठी टेकत, मोडका पाय ओढत दारात आला. पोतं बघून त्यानं ओळखीचं हसू केलं, मग खालचा चेहरा बघून थांबला. ‘‘येडबा न्हाई आला? बरा हाय ना? उतरवा की वझं.’’

मुंजाजीची मान दुखत होती. तरी त्यानं पोतं खाली ठेवलं नाही.

‘‘आदी ऐकून घे, उमाजी,’’ तो म्हणाला. ‘‘मंग उतरवून घ्यायचं का न्हाई ते तू ठरव.’’

उमाजीनं बाजेकडं हात केला, पण मुंजाजी उभ्यानंच बोलायला लागला.