मोगऱ्याला तीन बादल्या

आज मी मोगऱ्याला इतकं पाणी घातलं, की खालच्या काकूंचे वाळत घातलेले पापड भिजले. ओल्या मातीच्या वासानं एक जुनी संध्याकाळ आठवली.

तेव्हा मी ओरडलो की आमची लहानगी लेक मीनू पलंगाखाली लपायची. म्हणून शनिवार पेठेतल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "राग आला की आधी झाडांना पाणी घाला, मग बोला." मला हसूच आलं होतं.

त्या संध्याकाळी मीनूनं माझ्या ऑफिसच्या कागदांवर शाई सांडली. मी दात आवळून गॅलरीत गेलो आणि एकुलत्या मोगऱ्यावर तीन बादल्या ओतल्या. वळलो, तर मीनू मागेच उभी.

"बाबा, चौथी मी आणू?"

बायको म्हणाली, "अहो, उद्या आणखी दोन मोगरे आणा. हा एकटा तुम्हाला पुरायचा नाही."