अर्धेमामा आणि चष्मेवाल्याचं तोंड

माझ्या मामाने आयुष्यात कधी काही पूर्ण काढलं नाही. तो अर्धंच काढतो. फुलपाखराचा एक पंख काढायचा, उलटवून शेजारी चिकटवायचा, मधले नोड जोडायचे, की फुलपाखरू तयार. कॉम्प्युटरवरचा आकार म्हणजे नुसते ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपका म्हणजे नोड, आणि त्याला दोन मिशा असतात. मिशी ओढली की रेषा वाकते. अर्ध्या मिशा आपण ओढाव्यात, बाकीच्या कॉम्प्युटरने, असं मामाचं तत्त्वज्ञान. आमच्या फलकांच्या दुकानात त्याला सगळे अर्धेमामा म्हणतात. मी तिथेच त्याने काढलेले आकार कापणारं कटर मशीन चालवते, त्यामुळे त्याच्या वाटणीचे टोमणे मलाही खावे लागतात.

हात मात्र सोन्याचा, हे त्याची भाची म्हणून नाही सांगत. दुसरे लोक चाळीस नोड टाकून जे वळण आणतात ते हा सहात आणतो, आणि माझ्या मशीनचं पातं न अडखळता फिरतं. म्हणून तर बावीस वर्षं मालकीणबाईंनी त्याला सांभाळून घेतलं.

मग किटलीचं प्रकरण झालं. चहावाल्याच्या फलकासाठी मामाने तोटीकडची बाजू काढली आणि सवयीने उलटवली. दोन तोट्या, आणि धरायला कान नाही. एका वेळी दोघांना ओतता येईल, असं वर तोंड करून चहावाल्यालाच सांगितलंन. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर बजावलं, यापुढे एक जरी फलक परत आला तर खुर्ची रिकामी करायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धं काढणाऱ्याला कोण ठेवून घेणार? काळजी सगळी मला. हा आपला शिट्टी वाजवत बसलेला.

त्याच आठवड्यात धाकटे चष्मेवाले आले. चष्मेवाले भाऊ दोन. दुकानं समोरासमोर, अकरा वर्षांत एकमेकांशी शब्द नाही. धाकट्यांना फलकावर स्वतःचा चेहरा हवा होता. लहानपणी सायकलवरून पडून त्यांच्या ओठाची उजवी कड वर ओढली गेलेली. माणूस रागावला तरी हसल्यासारखा दिसायचा. मी मामाला दहादा सांगितलं, हा चेहरा सारखा नाही, उलटवू नकोस. हो हो म्हणाला आणि चांगली बाजू उलटवून मोकळा झाला.

फलक लागला. तासाभरात धाकटे त्याचा फोटो घेऊन दुकानात हजर. वाकडी कड सरळ झाल्यावर त्या चेहऱ्यात उरले होते ते थेट थोरले. गिऱ्हाइकं विचारत होती, भावाने दुकान घेतलं का? मालकीणबाईंनी मामाकडे पाहिलं, मग त्याच्या खुर्चीकडे. मी मध्ये पडले, हातापाया पडले म्हणा ना, आणि एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी मामाने जन्मात पहिल्यांदा दुसरी बाजूही हाताने काढली. एकेक नोड टाकत होता, पुसत होता, शिव्या देत होता. त्या ओठाच्या कडेवरच दुपार गेली. संध्याकाळी धाकट्यांनी नवा चेहरा पाहिला आणि मान डोलावली. खुर्ची वाचली.

दोन दिवसांनी मालकीणबाई जेवायला गेलेल्या असताना थोरले आले. त्यांना तो पहिला, चुकलेला चेहरा हवा होता, भिंतीवर लावण्याएवढा. मामा म्हणाला, स्वतःचाच फोटो काढा की. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो मी नाही. तो माझा भाऊ आहे, पडण्याआधीचा. सायकल मी ढकलली होती." आणि दाराशी जाऊन म्हणाले, "त्याला सांगू नका."

मी चेहरा कापून दिला. थोरल्यांनी तो गल्ल्यामागे लावला. आता समोरून धाकटे रोज पाहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, म्हाताऱ्याला स्वतःच्या थोबाडाचं काय कौतुक! मामाची शिट्टी बंद झाली. मी बजावलं, तू गप्प बस. धाकट्यांनी नाकारलेला चेहरा आपण परस्पर त्यांच्या भावाला दिला हे त्यांना कळलं, तर ते मालकीणबाईंकडे जातील आणि तू रस्त्यावर येशील. मामा म्हणाला, धाकट्याला अर्धंच कळू दिलंय गं आपण.

आणि गेला. मी मशीन बंद करून मागे धावले, तोवर हा धाकट्यांच्या दुकानात उभा राहून सगळं सांगून मोकळा झाला होता. सायकलसुद्धा. मला वाटलं, संपलं. धाकटे आधी मामाकडे, मग समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हात आपोआप ओठाच्या कडेला गेला.

"तो मी आहे?"

"तुम्हीच," मामा म्हणाला. "मी फक्त उलटवला."

एक बाई डोळ्यांना नवा चष्मा लावून आरशासमोर बसली होती. तिला तशीच सोडून धाकटे रस्ता ओलांडून गेले. तक्रार करायची राहिली ती राहिलीच.