उजव्या दाराशी बसलेला माणूस

"हा कोणी बसवलाय इथं?"

साहेबांनी पडद्यावरच्या पुतळ्यावर बोट ठेवलं. मीटिंगला आम्ही दहा-बाराजण होतो. मी उभा राहिलो. म्हणालो, मी बसवला.

"ड्रायव्हरच्या उजवीकडे? असलं तुमच्या लोकांच्या जीपमध्ये चालतं. आपण गाडी बनवतोय, वडाप नाही."

सगळे हसले. मीही हसलो. साहेबांपेक्षा मला माझ्या त्या हसण्याचाच आजही जास्त संताप येतो.

कारेगावजवळच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवर गाड्यांना धडक द्यायचो. खेडोपाडी चालवायची नवी दहा सीटची गाडी येणार होती. बाजूनं धडक बसली की दार किती आत घुसतं, आतल्या पुतळ्याच्या बरगड्या किती दबतात, ते बघायचं. नियमाप्रमाणे पुढं ड्रायव्हरचा एकच पुतळा. ताठ, दारापासून ठरलेल्या अंतरावर. धडकेतून तो वाचत होता. जेवणाच्या सुट्टीत मी दुसरा बसवला, ड्रायव्हर आणि दाराच्या मध्ये. त्याच्या बरगड्या चेपल्या.

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या वडापच्या जीपमधली ही जागा सगळ्यांना माहीत आहे. तिथं कोणाला बसवायचे, ते आम्हाला माहीत आहे. आई बाजाराला निघायची. सीटवर बागायतदारांच्या बायका. आई चढली की त्या पदर आवरून घ्यायच्या. मग ड्रायव्हर म्हणायचा, मावशी, तुम्ही माझ्या उजव्या अंगाला या. एकदा फाट्यावर त्याच बाजूनं टेम्पो घुसला. बाकीच्यांना खरचटलं. आईच्या चार बरगड्या मोडल्या. अजून खोकला आला की ती कूस धरते.

मीटिंगनंतर साहेबांनी तो पुतळा काढायला सांगितला. मी काढला. काही अवघड नव्हतं, दोन बटणांचं काम. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तेही हसत. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"मंग मी कुठं बसले व्हते रं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मजुरी करून मला इंजिनिअर केलं, आणि मी तिलाच गाडीतून पुसून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुतळा परत बसवला. पुन्हा धडक दिली. संध्याकाळी अहवाल माझ्या सहीला आला. पुढं बसणारे सुरक्षित, असं त्यात लिहिलं होतं. मी साहेबांना म्हणालो, "दारातल्या माणसाचा निकाल जोडा. मग सही करतो."

ते म्हणाले, नियमात तो माणूसच नाही.

"रस्त्यावर हाय."

ऑफिसात पहिल्यांदाच माझी घरची बोली तोंडून गेली. मी ती सुधारली नाही.

अहवाल दुसऱ्याच्या सहीनं गेला. मला स्टोअरला बसवलं. पुढं मी ती नोकरी सोडली. काम मात्र दुसरीकडे तेच करतो. समोर कुठल्याही गाडीचं मॉडेल येवो, पहिला पुतळा मी दाराशी बसवतो. त्याच्या बरगड्या मोडल्या तर अहवालात मोडल्या असंच लिहितो. कोणाला ते पान काढायचं असेल, तर त्यानं माझ्या देखत, स्वतःच्या हातानं फाडावं.