नकाबाई आणि खाटेची खोली

कलादालनातल्या खुर्चीवर दिवसभर बसून राहणं हेही काम आहे, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. एकदा बसून बघा म्हणावं. वाचायचं नाही, फोन काढायचा नाही, डुलकीचं तर नावच नको. पाय सुजतात, कंबर धरते, आणि डोळे मात्र टक्क उघडे ठेवायचे, कारण माणसं बघायला म्हणून येतात आणि बोट लावून जातात. "हात लावू नका," हे एकच वाक्य या बाईनं इतकी वर्षं म्हटलं की बरोबरीच्या लोकांनी तिचं नावच नकाबाई पाडून टाकलं. आधी ती बिस्किटांच्या कारखान्यात उभ्यानं खोकी भरायची. तिथं गुडघे गेले, म्हणून बसायचं काम धरलं. बसून बसून कंबर गेली. झाली फिटंफाट.

या खेपेचं प्रदर्शन एकाचं नव्हतं, बऱ्याच कलाकारांनी मिळून मांडलेलं होतं. रंगवलेली चित्रं त्यात अगदी थोडी. एकानं गंजक्या तारांचं झाड केलेलं. एकीनं लोकांचे जुने शर्ट उसवून भिंतभर चादर शिवलेली. एका पडद्यावर एक माणूस बादली घेऊन सारखा भिंत पुसत होता आणि भिंत काही स्वच्छ होत नव्हती. नकाबाईला ते फार पटलं.

"याला म्हणतात काम," ती लांब्याला म्हणाली. लांब्या म्हणजे तारांच्या झाडाचा राखणदार, तिचा जुना सोबती, उंच आणि सुस्त.

"आणि माझं झाड?"

"झाड छान आहे रे. धूळ बसल्यावर पुसणार कोण, ते सांग."

तिच्या वाट्याला आली खाटेची खोली. काळा पडदा सारून आत जायचं. आत मंद दिवा, एक लोखंडी खाट, तिच्यावर चुरगळलेली चादर आणि उशीखाली लपवलेला स्पीकर. खाट कुरकुरल्याचा आवाज यायचा. मग एक म्हातारी हाक मारायची, "अगं, आहेस का गं?" जरा थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा, थोडं घाबरून. मग कुणीतरी पेला ठेवल्यासारखा आवाज, लांब कुठंतरी दार लागायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून खाट कुरकुरायची. ज्या मुलीनं हे केलं होतं तिनं आपल्या आजारी आईचा आवाज भरून घेतला होता म्हणे. आई पुढं गेली. आवाज राहिला, तो इथं आला.

पहिल्या दिवशी हाक ऐकून नकाबाई खुर्चीतून उठली. खरंच उठली! घरी सासू अशीच हाक मारायची, तेव्हा पाय आपोआप उचलले गेले. दुसऱ्या दिवशी मात्र तिचं डोकं तापलं. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण आपटून ती लांब्याला म्हणाली, "म्हातारी जीव तोडून हाका मारतेय, आणि ही बया मशीन लावून बसलीय! एकदा तरी 'आले' म्हणावं की नाही? येऊ दे तिला इथं, चांगली खरडपट्टी काढते."

"आपल्याला कलाकारांशी बोलायची परवानगी नाही."

"नसू दे. बोलणार म्हणजे बोलणार."

राग तरी माणूस किती दिवस पुरवणार? हाक यायची, जायची. बघणारे यायचे, खाटेभोवती फिरायचे, कुणी डोळे पुसायचं, कुणी फोटो काढायचं, आणि नकाबाई म्हणायची, "चादरीला हात लावू नका." हळूहळू ती हाक तिच्या कानांपर्यंत पोचेनाशी झाली. एकच आवाज सारखा ऐकायचा असेल तर तो कानाआड करायलाच लागतो, नाहीतर वेड लागेल. ही या कामातली रीतच आहे. लांब्याच्या शेजारी पडद्यावरची ती बादली दिवसभर खळखळायची. त्याला विचारलं तर म्हणाला, "कुठली बादली?"

आता घरचं सांगते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. आतल्या खोलीत सासू, बाहेर नकाबाई आणि नवरा. नवरा छापखान्यात, दुपारच्या पाळीला. सकाळी आईजवळ तो, तो गेला की शेजारीण येऊन बसायची, संध्याकाळपासून नकाबाई. सासू आधी एकदा घरातच पडली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं की एकटीनं उठायचं नाही, हाक मारायची, कुणीतरी धरून न्यायचं. थोरले दीर आले, त्यांनीही ठणकावून सांगितलं. दीर माणूस वाईट नव्हता, पण कुणाचं ऐकून घ्यायचा नाही, निकाल द्यायचा.

"ती वृद्धांची संस्था बघून ठेवलीय मी," ते म्हणाले. "तिथं उशाशी बटण असतं, दाबलं की बाई हजर. इथं हाकेवर भागतंय तोवर भागू दे. ज्या दिवशी हाक मारून कुणी आलं नाही, त्या दिवशी मी तिला घेऊन जाणार."

ते गेल्यावर सासूनं नकाबाईचा हात धरला. तशी ती लाडीगोडीची बाई नव्हे. सून नवी होती तेव्हा तिनं चांगलं उभंआडवं घेतलं होतं तिला. पण त्या दिवशी म्हणाली, "मला तिकडं पाठवू नका गं. मला अनोळखी माणसांच्या हातून न्हायचं नाही."

"कोण पाठवतंय?" नकाबाई म्हणाली. "तुम्ही हाक मारा, मी येते."

आणि ती यायची. भाजी चिरता चिरता, आंघोळीतून अर्धी बाहेर, पहाटे डोळे न उघडता. "आले, आई, आले." कधी पाणी हवं असायचं, कधी उशी सरळ करायची असायची, कधी नुसतंच "दार लावलंस का?" तेव्हा नकाबाईच्या मनात यायचं की बाई, एक दिवस तरी मला हाक मारू नका. यायचंच की, माणूस आहे. तोंडातून मात्र कधी काही बाहेर पडलं नाही.

कलादालनाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी शेजारणीला यायची गरज नसायची. असाच तो सुट्टीचा दिवस. सकाळभर तिनं चादरी धुतल्या, नवऱ्याला डबा देऊन कामाला पाठवलं, सासूला जेवू घातलं आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर आडवी झाली. पाठ टेकली आणि अंगातलं होतं नव्हतं ते सगळं बळ निघून गेलं. डोळा लागला.

झोपेत खाट कुरकुरली. मग हाक आली, "अगं, आहेस का गं?"

तिला ऐकू आली. हे नीट लक्षात घ्या, ऐकू आली नाही असं नव्हे. पण झोपेत ती कलादालनातल्या खुर्चीवर बसली होती, आणि ही हाक काही आपल्यासाठी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरी हाक आली. तिसरी आली, थोडी घाबरलेली. बरोबर, अशीच येते. आता पेला वाजेल, मग दार लागेल. ती पेल्याची वाट बघत पडून राहिली.

पेला वाजलाच नाही. धप्पकन काहीतरी पडलं.

हे त्यात नाही, एवढंच तिला कळलं आणि ती ताडकन उठून बसली. आतल्या खोलीत सासू जमिनीवर पडली होती, एक हात अंगाखाली, एक पाय चादरीत गुंतलेला. तोंडातून आवाज नाही, नुसते डोळे दाराकडं लागलेले. "आई, आई, हलू नका," म्हणत नकाबाई खाली बसली आणि त्या दोघी तशाच राहिल्या, आवाज ऐकून शेजारीण धावत येईपर्यंत.

नशीब की मनगटावर निभावलं. हाताला प्लास्टर घालून सासू घरी आली, आणि संध्याकाळी थोरले दीर आले. पायातले बूटही न काढता ते खाटेशी उभे राहिले. नवरा निरोप मिळताच पाळी सोडून आला होता, तो भिंतीला टेकून उभा. खरं ते सांगायचं, असं नकाबाईनं ठरवलं होतं. खोटं बोलायचं नाही, जे व्हायचं ते होऊ दे.

"आई, हाक मारली होतीस का?" दिरांनी विचारलं.

"नाही," सासू म्हणाली.

दीर सुनेकडं वळले. "तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

नकाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून सासू कडाडली, "मारलीच नाही तर हिला ऐकू कुठून येणार? मला वाटलं जमेल, म्हणून उठले. माझी खोड. बोलायचं असेल तर मला बोल."

मग दीर तिलाच बोलले, आणि चांगलं पाऊण तास बोलले. एवढं वय झालं, अक्कल कधी यायची, सगळ्यांच्या जिवाला घोर लावतेस. म्हातारीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. जन्मात कुणाचा शब्द ऐकून न घेणारी बाई ती! शेवटी दीर म्हणाले, "पुन्हा एकटी उठलीस तर मी ऐकायचा नाही," आणि निघाले. संस्थेचं तेवढ्यापुरतं टळलं.

नवरा त्यांना पोचवायला खाली गेला. नकाबाई खाटेशी गेली.

"आई, तुम्ही हाक मारली होतीत. तीनदा."

"मारली होती."

"मला ऐकू आली होती."

नकाबाईनं मग सगळं सांगितलं, खाटेची खोली, उशीखालचा आवाज, पेला, दार. सांगताना तिचं तिलाच ते किती पोकळ वाटलं. कोण विश्वास ठेवणार? पण सासूनं ठेवला.

"चौथ्यांदा मारणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, दमली असशील. झोपू दे."

नकाबाईला रडू कोसळलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांची सवय होती.

पण खरी शिक्षा पुढंच होती, आणि तीही म्हातारीनं शिक्षा म्हणून दिलेली नव्हे. सासूनं हाक मारायचंच सोडून दिलं. एकटी उठायची नाही, पण बोलवायचीही नाही. नकाबाई आत डोकावली की मगच हळू आवाजात म्हणायची, "आलीच आहेस तर जरा पाणी दे." कधीकधी ओठ अगदी कोरडे पडलेले असायचे. लघवीला जायचं असलं तरी तशीच धरून बसलेली. "हाक का नाही मारलीत?" म्हटलं तर, "तू कामात होतीस." घर असं शांत झालं की नकाबाईला भाजी चिरता येईना. ती सारखी उठून आत जायची. आणि दिवसभर तिकडं कलादालनात उशीखालून ती दुसरी म्हातारी ओरडतच होती, आणि आता ती प्रत्येक हाक नकाबाईच्या काळजात जात होती. खोली बदलून द्या, असं कलादालनाच्या साहेबांना सांगायचं तिच्या मनात आलं. नाही सांगितलं. त्या पडद्याआड दिवा मंद होता, तिथं ती पुटपुटायची, "आले, आले." बघणाऱ्यांना वाटायचं, तेही त्यातच आहे.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती कलाकार मुलगी आली. विस्कटलेले केस, दमलेला चेहरा. खाटेशी जमिनीवर बसून तिनं एक फेरा पूर्ण ऐकला. नकाबाईनं खरडपट्टी तयार ठेवलेली होतीच, केव्हापासून.

"मी शेजारच्याच खोलीत होते," मुलगी आपणहून म्हणाली. कुणाला तरी सांगायचंच असावं तिला. "उठले असते तर माझाही आवाज त्यात भरला गेला असता. म्हटलं, एवढं भरून होऊ दे, मग जाते."

नकाबाईला वाटलं होतं तेच निघालं. पण जीभ उचलेना. खरडपट्टी काढायला तोंड राहिलं होतं कुठं?

"मीही नाही उठले," ती म्हणाली.

मुलीला काय कळलं कोण जाणे. नकाबाई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "इथं बसा. खाली गार लागतं." त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायची परवानगी नाही. मुलगी बसली. संध्याकाळी सामान काढायला माणूस आला, त्यानं उशीखालून वायर ओढली, आणि हाक मधेच तुटली.

नकाबाई पाय ओढत घरी पोचली. शेजारीण गेली. सासू भिंतीकडं तोंड करून जागीच होती.

"आई, मी आता स्वयंपाकघरात जाते. तुम्ही मला हाक मारा."

"कशाला? मला काही नकोय."

"काही नको असलं तरी मारा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय असं समजा," ती म्हणाली आणि गेली. ओट्याला हात टेकून उभी राहिली. नळसुद्धा सोडला नाही, आवाज नको म्हणून. गुडघे ठणकत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावली, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. आतून काही नाही. आता बहुतेक कधीच नाही, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

मग खाट कुरकुरली.

"अगं," सासू म्हणाली. थांबली. मग जरा मोठ्यानं, "अगं, आहेस का गं?"

"आले, आई!" नकाबाई एवढ्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरची खुर्ची थांबली. आत जाताना तिचा पाय उंबऱ्याला अडखळला.

"काय हवंय?"

"काही नाही," सासू म्हणाली आणि प्लास्टरचा हात उचलून खाटेवर थोडी सरकली. "दमून आलीयेस. बस इथं."